एटीव्हीच्या इंजिनात जास्तीचा दम: कॅम आणि कार्ब्युरेटरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत एटीव्हीची (खडबडीत जागी चालवायच्या उघड्या चारचाकीची) ताकद वाढवण्याविषयी बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, थोडक्यात कॅम) आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) यांच्यावर आहे, आणि बहुतेक तक्रारीही हे दोन भाग बदलल्यानंतरच्या आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. उदाहरणं एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाची आहेत.

प्रश्न: माझी एटीव्ही ४०० सीसीची, एअर-कूल्ड आहे. सायलेन्सर आणि एअर फिल्टर आधीच बदललेत. आता आधी कॅम बदलू की कार्ब्युरेटर?

आधी एक ठरवा: ताकद कुठे हवी आहे? चढावर, चिखलात, वळणातून बाहेर पडताना हवी असेल तर ती ३००० ते ६००० आरपीएमच्या पट्ट्यात लागते. मोकळ्या मैदानात सुसाट पळवायची असेल तर ७००० च्या वर. या दोन्ही ठिकाणी सारखीच ताकद देणारा कॅम मिळत नाही. कॅम ताकदीचा पट्टा वर किंवा खाली सरकवतो. कार्ब्युरेटर त्या पट्ट्याला लागणारं पेट्रोल आणि हवा पुरवतो. म्हणून निवड आधी कॅमची करायची आणि मग त्याला साजेसा कार्ब्युरेटर घ्यायचा. खरेदी याच्या उलट क्रमाने केली की पुढचे सहा महिने जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे छोटे भाग) बदलण्यात जातात.

कॅमच्या कागदावर तीन आकडे बघा. पहिला लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो. दुसरा ड्युरेशन, म्हणजे क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो. तिसरा लोब सेपरेशन, म्हणजे इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) या व्हॉल्व्हच्या लोबच्या, कॅमवरच्या उंचवट्यांच्या, शिखरांमधलं अंतर. यातला ड्युरेशनचा आकडा फार फसवतो. एक कंपनी तो व्हॉल्व्ह जेमतेम हलायला लागल्यापासून मोजते, दुसरी १ मिमी लिफ्टपासून. दोन कॅमची तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच लिफ्टवर मोजलेले हवेत. लिफ्टचंही तसंच. काही ठिकाणी लोबची लिफ्ट छापतात, काही ठिकाणी व्हॉल्व्हची. रॉकर (लोबची हालचाल व्हॉल्व्हला देणारा भाग) १.३ पट देणारा असेल तर ७ मिमीचा लोब व्हॉल्व्हला ९.१ मिमी उचलतो.

ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत धावणाऱ्या हवेला वेग असतो, त्यामुळे ती येतच राहते आणि सिलिंडर चांगला भरतो. कमी आरपीएमला मात्र आत आलेलं मिश्रण परत ढकललं जातं. हे आकड्यांत पाहू. स्ट्रोक ७० मिमी, कनेक्टिंग रॉड ११५ मिमी, कॉम्प्रेशन ९.२:१ असं इंजिन धरा. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला गेल्यावर ४० अंशांनी बंद होत असेल तर प्रत्यक्ष दाबलं जाणारं प्रमाण साधारण ८.५:१ मिळतं. तोच व्हॉल्व्ह ६० अंशांनी बंद होऊ लागला की ते ७.६:१ वर येतं. ‘कॅम टाकला आणि खालचा दम गेला’ म्हणतात तो हा. याच इंजिनात १०.५:१ चा पिस्टन घातला तर ६० अंशांवरही ८.७ च्या आसपास मिळतं, म्हणजे गेलेलं परत येतं. म्हणून मोठा कॅम घ्यायचा तर पिस्टनचाही विचार सोबतच करा. त्याला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागेल आणि प्लग एक पायरी थंड घ्यावा लागेल, हेही धरून चाला.

पिस्टन बदलायचा नसेल तर लिफ्ट वाढवलेला पण ड्युरेशन मूळच्या जवळ ठेवलेला सौम्य कॅम घ्या. अशा कॅमला मूळ कार्ब्युरेटर नवीन जेटसह सहसा पुरतो, आणि बहुतेक चालवणाऱ्यांसाठी आमची पसंती यालाच आहे.

प्रश्न: ‘स्टेज २’ लिहिलेला कॅम मागवला आहे. थेट बसवला तर चालेल का? दुकानदार म्हणतो, ‘टाका आणि पळवा’.

‘स्टेज २’ हे काही प्रमाण नाही. प्रत्येक बनवणारा ते आपल्या मनाने लिहितो. तपासणी मात्र चार ठिकाणी करायची, आणि ती इंजिन सुरू करण्याआधीच.

पहिली स्प्रिंगची. बसवलेल्या अवस्थेत स्प्रिंगची उंची मोजा. तिचे सगळे वेढे एकमेकांना टेकले की उरते ती उंचीही मोजा. समजा, पहिली ३६ मिमी आणि दुसरी २५ मिमी. मग जागा झाली ११ मिमी. नव्या कॅमची लिफ्ट १०.५ मिमी असेल तर हातात फक्त अर्धा मिलिमीटर उरला. किमान १ ते १.५ मिमी उरायलाच हवा, नाहीतर स्प्रिंग भिडून रॉकर, कॅम आणि चेन या सगळ्यांवर हातोड्यासारखा मार बसतो. अशा वेळी स्प्रिंगचा नवा संचच घ्या. कॅमसोबत सुचवलेला संच असेल तर तो टाळू नका, कारण जुन्या मऊ स्प्रिंगवर जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह लोबचा पाठलाग करू शकत नाही, तरंगतो, आणि पिस्टनच्या वाटेत येतो.

दुसरी तपासणी रिटेनरच्या (स्प्रिंग वरून धरणाऱ्या चकतीच्या) तळापासून व्हॉल्व्ह गाइडच्या ऑइल सीलपर्यंतच्या अंतराची. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर तिथेही किमान १ मिमी मोकळा हवा. हे अंतर लोक विसरतात. सील चेपतं, काही दिवसांनी निळा धूर येऊ लागतो, आणि दोष रिंगवर जातो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधल्या अंतराची. पण त्याआधी कॅमचं टायमिंग अंशांत मोजून पक्कं करावं लागतं, कारण टायमिंग हललं की हे अंतरही बदलतं. म्हणून चौथी गोष्ट आधी सांगतो.

क्रँकच्या टोकाला अंशांची चकती लावा आणि जवळ एक तारेचा काटा घट्ट बसवा. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप आत सोडा. क्रँक हाताने हळूच एका दिशेला टेकेपर्यंत फिरवा, आकडा लिहा. मग उलट दिशेला टेकेपर्यंत, तोही लिहा. समजा एकीकडे ३४ आणि दुसरीकडे ३८ आले. चकती २ अंश सरकवून दोन्हीकडे ३६ आणा. आता चकतीवरचं शून्य म्हणजे पिस्टनचं खरं वरचं टोक. फ्लायव्हीलवरच्या खुणेवर विसंबू नका, तिच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो.

स्टॉप काढा. डायल गेजचा पाय इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या रेषेत टेकवा. गेज तिरका राहिला तर आकडा चुकतो. क्रँक फक्त इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. थोडं पुढे गेलं तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, म्हणजे चेनमधली ढील मोजमापात येत नाही. पूर्ण लिफ्ट सापडली की गेज शून्यावर आणा. शिखराच्या अलीकडे १.२५ मिमी असताना चकतीचा आकडा लिहा, शिखर ओलांडून पुन्हा १.२५ मिमी उतरल्यावरचाही लिहा. समजा ७० आणि १४२ आले. बेरीज २१२, अर्धे १०६. म्हणजे इनटेकचं शिखर १०६ अंशांवर आहे. कॅमच्या कागदावर १०८ असेल तर कॅम २ अंश पुढे बसला आहे. खाचा लांबट केलेलं स्प्रॉकेट असेल तर तेवढं सरकवता येतं.

साध्या स्प्रॉकेटवर एक दात हलवून हे साधत नाही. ३२ दातांच्या स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे कॅमचे ११.२५ अंश, म्हणजेच क्रँकचे २२.५. ‘एक दात इकडे-तिकडे’ झालेल्या इंजिनात व्हॉल्व्ह का वाकतात ते यावरून कळेल. एकाच कॅमवर दोन्ही लोब असतील तर इनटेक आणि एक्झॉस्ट सोबतच पुढे-मागे होतात. दोन कॅमच्या इंजिनात ते वेगवेगळे लावता येतात. कॅम पुढे घेतला की खालचा दम वाढतो, वरचा थोडा घटतो, आणि इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. मागे घेतला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जवळ येतो.

आता अंतर. पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी जिथे खोलगट जागा असते तिथे मॉडेलिंग क्लेची साधारण ५ मिमी जाड पट्टी ठेवा. वरून तेलाचा हात फिरवा, म्हणजे व्हॉल्व्हला चिकटणार नाही. जुनी, दाबली गेलेली गॅसकेट घालून हेड पूर्ण टॉर्कने आवळा, व्हॉल्व्हची ढील (बंद व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) अचूक लावा आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर करू नका, अडलं हेच उत्तर आहे. हेड काढा, क्ले धारदार पात्याने मधोमध कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला किमान १ मिमी, एक्झॉस्टला १.५ मिमी, ही अगदी खालची मर्यादा समजा. एक्झॉस्टला जास्त का? तो जास्त तापतो, लांबतो, आणि वर येणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो. पातळ जागा खोलगटाच्या कडेला आली तर फक्त खोली पुरेशी नाही, त्या खोलगटाचा घेरही वाढवावा लागेल. इतकं अंतर नसेल तर पिस्टनच्या खाचा मशीन शॉपमध्ये खोल करून घ्या किंवा कॅम परत करा. तिसरा मार्ग नाही.

बसवताना काही ठिकाणी घाई महागात पडते. कॅम काढण्याआधी चेन टेन्शनर बाहेर काढा. तो जागेवर असताना स्प्रॉकेट सुटलं की त्याचा दांडा पुढे सरकून अडकतो आणि परत बसवताना चेन ताणली जाते. बसवताना दांडा मागे ढकलून लॉक करा आणि मगच लावा. कॅमवरच्या टोप्या आवळताना कॅम स्प्रिंगच्या जोराने एका बाजूला वर उचललेला असतो. अशा वेळी एकाच बाजूचा बोल्ट ओढला की ॲल्युमिनियमची टोपी तडकते. म्हणून सगळे बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळत न्या आणि शेवटी मॅन्युअलच्या टॉर्कवर. स्प्रॉकेटच्या बोल्टचे आटे तेलमुक्त करून थ्रेड लॉक लावा. हा बोल्ट सैल झाला तर चेन उडी मारते, आणि पुढे काय होतं ते वर आलंच आहे. जुने रॉकर पुढच्या बाजूला खवले पडलेले असतील तर नव्या कॅमवर ते वापरू नका. पहिल्या तासातच ते लोब खातात.

लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. प्लग काढून तो कॅपसह इंजिनाला टेकवून ठेवा, म्हणजे सीडीआयला (प्लगची ठिणगी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) धक्का बसत नाही. मग स्टार्टरने थोडा-थोडा वेळ थांबत इंजिन फिरवा, तेल वर कॅमपर्यंत पोचल्याचं डोळ्यांनी बघा. सुरू केल्यावर लगेच २००० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान वरखाली करत १५ मिनिटं ठेवा. आयडलवर घुटमळत ठेवू नका, कारण तेव्हा लोबवर तेल कमी उडतं. एअर-कूल्ड इंजिनासमोर पंखा लावा. थंड झाल्यावर व्हॉल्व्हची ढील पुन्हा तपासा आणि तेल-फिल्टर बदला. ढील कॅमच्या कागदावरची घ्या, गाडीच्या मॅन्युअलमधली नव्हे.

प्रश्न: नवा कॅम बसवल्यापासून स्टार्टर अडखळतो. बॅटरी नवीन आहे. कधी कधी ‘धाड’ करून उलटा झटकाही बसतो.

तुमच्या मूळ कॅमवर डीकॉम्प्रेशनची यंत्रणा होती का ते बघा. सुरू करताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब सोडणारी छोटी पिन किंवा वजन कॅमच्या टोकाला असतं. बऱ्याच नव्या कॅमवर ते येत नाही, जुन्यावरून काढून बसवावं लागतं. राहून गेलं असेल तर ते बसवा. बसवलेलं असूनही त्रास होत असेल तर एक्झॉस्टची ढील जास्त आहे का तपासा, कारण ढील वाढली की ती पिन व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. तसंच चालवत राहिलात तर स्टार्टरचा वन-वे क्लच जाईल.

प्रश्न: मूळ ३६ मिमीचा व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब्युरेटर काढून ३९ मिमीचा फ्लॅट-स्लाइड लावला. अंगठा झटकन दाबला की इंजिन क्षणभर मरतं, मग एकदम उसळतं. हळू दाबलं तर ठीक आहे.

आधी हे समजून घेऊ की असं होणं स्वाभाविक का आहे. ३६ वरून ३९ म्हणजे छिद्राचं क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढलं. त्याच हवेचा वेग साधारण १५ टक्क्यांनी घटला, आणि जेटमधून पेट्रोल ओढण्याचं काम तर हवेच्या वेगावरच चालतं. मूळ कार्ब्युरेटरमध्ये तुम्ही फक्त बटरफ्लाय उघडत होता. स्लाइड इंजिनाच्या ओढीनुसार स्वतः वर जायची. आता स्लाइड थेट तुमच्या अंगठ्याला बांधलेली आहे. ती झटकन उघडली की हवा लगेच येते, पेट्रोल मागे राहतं. ही फट भरण्यासाठीच फ्लॅट-स्लाइडमध्ये ॲक्सिलरेटर पंप असतो. यामाहाच्या वायएफझेड४५० मध्ये अशा प्रकारचा ३९ मिमीचा केहिन एफसीआर कारखान्यातूनच येत असे, म्हणजे हे माप या वर्गाला परकं नाही. सेटिंग मात्र तुमच्या इंजिनासाठी नव्याने करावं लागतं.

खालील क्रमानेच जा. सुरुवात फ्लोटच्या (बाउलमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) उंचीने करा. ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. मग पायलट, म्हणजे आयडलजवळचं पेट्रोल देणारा जेट. इंजिन पूर्ण गरम करा, आयडल स्थिर करा आणि फ्युएल स्क्रू पूर्ण आत घालून दीड आटा बाहेर काढा. तिथून पाव-पाव आटा फिरवत आयडल सर्वांत चढं आणि सलग कुठे होतं ते शोधा. तीन आट्यांहून जास्त बाहेर काढावा लागला तर पायलट जेट लहान आहे, एक नंबर वाढवा. एका आट्याच्या आत आला तर जेट मोठा आहे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. एअरबॉक्सच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की पेट्रोलचा वाटा घटतो. ही गल्लत अनुभवी हातांकडूनही होते.

आता पंप. इंजिन बंद ठेवा, एअरबॉक्सकडचं रबर काढा, डोळ्यांवर चष्मा घाला, जवळपास ठिणगी नको. अंगठा दाबून आत बघा. पेट्रोलची बारीक धार स्लाइडच्या खालच्या कडेखालून सरळ इंजिनाकडे जायला हवी. ती स्लाइडवर आदळून खाली ओघळत असेल तर पंप लवकर सुटतो आहे, टायमिंगच्या स्क्रूने किंचित उशीर करा. धार उशिरा येत असेल तर उलट. धार बरोबर असूनही इंजिन मरत असेल तर लीक जेट बघा. लीक जेटचा नंबर लहान केला की कमी पेट्रोल परत बाउलमध्ये जातं, म्हणजे धार मोठी होते. धार जास्त झाल्याची खूण म्हणजे काळा धूर आणि घरघर. कमी असल्याची खूण म्हणजे ‘भप्प’ होऊन शांतता. तुमच्या वर्णनावरून धार कमी किंवा उशिरा आहे.

एक गोष्ट केबलची. हा कार्ब्युरेटर मुळात उघडण्याची आणि मिटवण्याची अशा दोन केबलींसाठी बनतो, एटीव्हीच्या अंगठ्याच्या थ्रॉटलला एकच असते. परतीची स्प्रिंग स्लाइडला झटक्यात मिटवते का ते इंजिन बंद असताना दहा वेळा बघा. मग सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. आरपीएम जराही चढला तर केबल ओढली जाते आहे. ती मोकळी करेपर्यंत गाडी हलवू नका.

प्रश्न: मेन जेटचा नंबर कसा ठरवायचा? मित्राच्या त्याच मॉडेलवर १५५ आहे.

मित्राचा नंबर फक्त सुरुवातीला धरा. सायलेन्सर, एअरबॉक्सचं झाकण, कॅम, जमिनीची उंची, यातलं काहीही वेगळं असलं की जेट वेगळा. आणि तो केहिनचा असेल आणि तुमचा मिकुनी, तर ते आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत.

अंगठ्याच्या थ्रॉटलच्या घरावर पांढरी पट्टी चिकटवा, लिव्हरवर एक रेघ ओढा, आणि पट्टीवर पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. पाव थ्रॉटलपर्यंत पायलटचं राज्य, पाव ते पाऊण निडलचं (स्लाइडला लटकणाऱ्या सुईचं), त्यापुढे मेन जेटचं. कोणत्या खुणेवर त्रास होतो ते आधी लिहा. अर्ध्यावर अडखळणाऱ्या गाडीचा मेन जेट बदलून काही होत नाही. तिथे निडलची क्लिप एक खाच खाली लावली की निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं.

मेन जेटसाठी मुद्दाम दोन नंबर मोठ्यापासून सुरुवात करून खाली या. पेट्रोल जास्त असलं तर गाडी घुरघुरते आणि प्लग काळा होतो. कमी असलं तर पिस्टन वितळतो. सरळ मोकळ्या जागी पूर्ण थ्रॉटलवर पळवा आणि अंगठा अगदी किंचित सैल करा. गाडी त्या क्षणी जास्त ओढू लागली तर जेट लहान आहे. पूर्ण थ्रॉटलवर ठोके चुकल्यासारखी घरघर येत असेल तर मोठा आहे. मग नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर आठ-दहा सेकंद पळवा आणि किल स्विच व क्लच एकदम दाबा. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी, खोलवर, भिंगाने बघा. तिथे फिक्या तपकिरी धुराची कडी दिसायला हवी. टोकाचा रंग बघून काही कळत नाही. पांढऱ्या मातीवर चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथेच थांबा. एक्झॉस्टच्या पाइपला बोस वेल्ड करून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावता आला तर त्याहून उत्तम. पूर्ण थ्रॉटलवर हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा १२.५ ते १३ हा आकडा धरा.

उंचीचं गणितही सांगतो. समुद्रसपाटीपासून १००० मीटर वर हवेची घनता सुमारे ९ टक्के घटते. कार्ब्युरेटर त्यातला अर्धा फरक स्वतः सावरतो, उरलेले साधारण ५ टक्के पेट्रोल जास्त होतं. केहिनचा आकडा छिद्राच्या व्यासावर असल्यामुळे व्यासात हा फरक अडीच टक्क्यांचा. म्हणजे १६० च्या जागी १५५ किंवा १५८. थंडीत उलट, एक नंबर वर.

जेट ड्रिलने मोठं करू नका आणि तार घालून साफही करू नका. आतल्या कडेला एक ओरखडा पडला की नंबरला अर्थ उरत नाही.

प्रश्न: थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात.

थोडेफार फटाके मोकळ्या सायलेन्सरला चालतात. सतत वाजत असतील तर आधी एक्झॉस्टच्या जोडाची गॅसकेट तपासा, तिथून हवा आत ओढली जाते. मग पायलट जेट. आयडल खाली यायला वेळ घेत असेल तर कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबराला चीर आहे का ते वाकवून, ताणून बघा. वरून न दिसणारी चीर ताणल्यावर तोंड उघडते.

प्रश्न: जुनाच कॅम घासून नवीन आकार देऊन मिळतो. तो घ्यावा का?

काम चांगलं केलेलं असेल तर हरकत नाही. घासताना लोबच्या मागची गोलाई लहान होते, त्यामुळे रॉकर खाली उतरतो आणि ॲडजस्टर फार बाहेर येतो. बकेट आणि शिम (ढील जुळवणाऱ्या चकत्या) असलेल्या इंजिनात जाड शिम लागतात. ते मिळतात का हे आधी विचारा. पृष्ठभागाची कठीण केलेली कातडी घासून गेली असेल तर पुन्हा कठीण करून दिली आहे का, हेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घेऊ नका.

प्रश्न: माझी एटीव्ही बेल्टची, ऑटोमॅटिक आहे. कॅम बदलल्यावर आवाज वाढला, पण चढावर आधीपेक्षा मंद झाली.

कॅमने ताकदीचं शिखर वर नेलं, व्हेरिएटर (बेल्टच्या पुलींचा संच) मात्र इंजिनाला जुन्याच आरपीएमवर धरून बसला आहे. पुढच्या पुलीतले रोलर हलके करा. प्रत्येकी एक ग्रॅमच्या पायरीने जा, सगळे एकाच वजनाचे घ्या, आणि टॅकोमीटर लावून पूर्ण थ्रॉटलवर चढताना आरपीएम कुठे स्थिरावतो ते बघा. तो कॅमच्या शिखराजवळ आला की थांबा. बेल्टचं तापमान वाढेल, म्हणून सोबतच बेल्टची रुंदी आणि मागच्या पुलीची स्प्रिंगही तपासा. ओझी ओढायच्या गाडीत मात्र मूळ कॅम परत घालणं हाच आमचा सल्ला राहील.

गिअरच्या गाडीत हेच काम पुढचं स्प्रॉकेट करतं. १४ दातांच्या जागी १३ लावलं आणि मागे ३८ असेल तर प्रमाण २.७१ वरून २.९२ होतं, जवळपास ८ टक्के.

प्रश्न: कॅम ९५०० आरपीएमपर्यंतचा आहे, पण इंजिन ९००० च्या आसपास अडखळतं.

सीडीआयची मर्यादा आहे. ती वाढवण्याआधी स्प्रिंग आणि पिस्टन त्या वेगाला पुरतात याची खात्री करा.

प्रश्न: लांब पूर्ण थ्रॉटलवर १०-१५ सेकंद छान पळते, मग दम तोडते. थांबून पुन्हा निघालं की ठीक.

फ्लोट बाउल रिकामा होतो आहे. ४० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात ताशी १२ लिटरच्या आसपास पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला २०० मिलिलिटर. कार्ब्युरेटरकडे येणारी नळी काढून मोजपात्रात एक मिनिट सोडा. ३०० मिलिलिटरपेक्षा कमी आलं तर कॉकची जाळी, नळीचं वळण आणि फ्लोटच्या सुईची बैठक बघा. कॉक व्हॅक्यूमचा असेल तर मोजताना त्याला ओढ द्यावी लागेल. टाकीचं झाकण सैल करून एकदा पळवा. त्याने त्रास गेला तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. आणि कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळ्या कुठे संपतात ते शोधा. त्या चिखलात किंवा पाण्यात बुडाल्या की बाउलमध्ये पेट्रोल उतरत नाही. एक जोड लावून त्यांची शाखा टाकीखाली वर नेऊन ठेवा.